पडदा कोणासाठी थांबतो

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद झाले. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ज्या घरांनी मुलांच्या अभ्यासासाठी आठ-दहा वर्षांपूर्वी संगणक घेतला, त्यांच्यापुढे तेव्हापासून एक साधा प्रश्न उभा आहे: चालता संगणक भंगारात द्यायचा का? विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. जुन्या यंत्रांकडे ते नसतं. म्हणून पुष्कळांनी लिनक्सची वाट धरली आहे. डोंबिवलीत ओळखीच्यांना आणि एका अभ्यासिकेला असे संगणक लावून देताना जी तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो ती अशी: "सगळं चालतं हो, पण मधेच माउस अडकतो."

यावर जाणत्या मंडळींचं एक उत्तर तयार असतं. प्रोसेसरला दोन-चार कोअर आहेत, पण पडदा सांभाळणारा प्रोग्राम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतो. तो मल्टिथ्रेडेड करा, की अडकणं संपलं. हे उत्तर तीस वर्षांहून जास्त काळ दिलं जात आहे, ते करून पाहणारेही वेळोवेळी निघाले, आणि त्यांतले बरेच प्रयत्न फसले. जे टिकले त्यांची रीत वेगळी होती. या सगळ्या प्रयत्नांकडे एकत्र पाहिलं तर माझं मत असं झालं आहे की थ्रेड किती आहेत याला फारसं महत्त्व नाही. कोणतं काम कोणत्या कामासाठी थांबून राहतं, यावर सगळं ठरतं.

पडदा, कीबोर्ड आणि माउस ही साधनं प्रत्येकी एक, आणि त्यांवर हक्क सांगणारे प्रोग्राम अनेक. त्यांच्यात वाटणी करणारा मधला प्रोग्राम म्हणजे डिस्प्ले सर्व्हर. युनिक्सच्या जगात हे काम दीर्घकाळ एक्स विंडो सिस्टिमनं केलं. एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनामध्ये १९८४ साली बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी ती सुरू केली. स्टॅनफर्डहून आलेल्या 'डब्ल्यू' या प्रणालीवरून तिची सुरुवात झाली, म्हणून पुढचं अक्षर एक्स. सप्टेंबर १९८७मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि तोच एक्स११ आजही लाखो यंत्रांवर चालतो.

एक्स सर्व्हरचं चालणं अगदी सरळ आहे. तो एका जागी वाट पाहत बसतो. एखाद्या प्रोग्रामची मागणी आली, 'इथे रेघ काढ', 'ही खिडकी वर आण', की ती पुरी करतो आणि पुढच्याकडे वळतो. सगळं एका थ्रेडवर, एका फेऱ्यात. त्या काळच्या यंत्रांत प्रोसेसरच एक होता, त्यामुळे हे साहजिक होतं. पण आणखी एक कारण होतं आणि ते आजही लागू आहे. कोणती खिडकी कुणाच्या वर आहे, टाइप केलेलं अक्षर कुणाकडे जायचं, माउसखाली या क्षणी काय आहे, ही माहिती सगळ्यांची सामाईक. एक थ्रेड खिडकी हलवतो आहे आणि त्याच क्षणी दुसरा तिच्यात चित्र काढतो आहे, असं झालं तर पडद्यावर कचरा दिसेल. ते टाळायला प्रत्येक सामाईक गोष्टीवर लॉक लावावं लागतं, आणि लॉक म्हणजे पुन्हा थांबणंच.

माउस नेमका कुठे अडकतो हे जवळून पाहू. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, आपण किती हललो ते कळवतो. लिनक्सचं कर्नल ही खबर एका फाइलवर ठेवतं. डिस्प्ले सर्व्हर ती वाचतो, हाताच्या वेगाप्रमाणे अंतर थोडं वाढवतो-घटवतो आणि कर्सरची नवी जागा काढतो. जवळजवळ प्रत्येक ग्राफिक्स चिपमध्ये कर्सरसाठी वेगळा थर असतो. खालचं चित्र पुन्हा न काढता त्या थराची जागा तेवढी बदलता येते. म्हणजे शेवटी लिहायचे असतात फक्त दोन आकडे, आडवा आणि उभा. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि कर्सरच्या या कामाला त्याचा नगण्य भाग पुरतो. आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली मांडलं होतं की एक दशांश सेकंदात प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो तात्काळ वाटतो. त्या हिशेबानं आपल्याकडे वेळच वेळ आहे. तरीही कर्सर अडकतो, कारण हे दोन आकडे लिहिणारा थ्रेड त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या मागणीत गुंतलेला असतो. काम जड नाही, रांग लांब आहे.

ही गोष्ट एकट्या लिनक्सची नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गांत ज्यांनी विंडोज ९५ आणि ९८ वापरलं, त्यांना एक प्रोग्राम हँग झाला की सगळा पडदाच गोठायचा ते आठवत असेल. त्या विंडोजमध्ये थ्रेड होते. पण आतला बराचसा भाग जुन्या १६-बिटी कोडचा, आणि त्या सगळ्यावर मिळून एकच लॉक. एखादा जुना प्रोग्राम ते लॉक धरून अडला की बाकीचे थ्रेड दारात उभे.

आयबीएमच्या ओएस/२ची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. आतून ती आपल्या काळातली फार मजबूत प्रणाली होती, थ्रेडचा तिला अभिमान होता. पण माउस आणि कीबोर्डच्या सगळ्या घटना एकाच सामाईक रांगेतून जायच्या. समोरच्या प्रोग्रामनं आपली घटना उचलली नाही की मागच्यांना काहीच मिळायचं नाही. आत सगळं व्यवस्थित चालू, डाउनलोड चालू, छपाई चालू, आणि समोर बसलेल्या माणसाला मात्र यंत्र मेल्यासारखं. ओएस/२च्या वापरकर्त्यांनी या एका दोषाविषयी वर्षानुवर्षं तक्रार केली.

विंडोज एनटीनं तिथे वेगळी वाट घेतली. माउस-कीबोर्ड वाचणारा एक स्वतंत्र थ्रेड आणि खिडक्या चालवणाऱ्या प्रत्येक थ्रेडला स्वतःची रांग. एक प्रोग्राम अडला तर त्याचीच रांग तुंबते, कर्सर फिरत राहतो, शेजारच्या खिडकीत काम करता येतं. १९९३च्या एनटी ३.१मध्ये खिडक्या सांभाळणारी व्यवस्था वेगळ्या प्रोसेसमध्ये होती आणि प्रोग्रामच्या प्रत्येक थ्रेडसाठी तिकडे एक जोडीदार थ्रेड राखून ठेवलेला असे. मल्टिथ्रेडेड डिस्प्ले सर्व्हर म्हणतात तो हाच. पण इकडून तिकडे सतत उड्या मारण्यात आणि त्या जोडीदार थ्रेडांना लागणाऱ्या मेमरीत इतका खर्च झाला की १९९६च्या एनटी ४.०मध्ये हा सगळा भाग कर्नलमध्ये हलवला गेला. जोडीदार थ्रेड गेले. इनपुटचा वेगळा थ्रेड राहिला. काय गेलं आणि काय राहिलं, ते लक्षात ठेवण्याजोगं आहे.

सर्व बाजूंनी मल्टिथ्रेड करून दाखवलेली एक प्रणाली आहे, आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. ॲपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांनी १९९० साली बी ही कंपनी काढली. त्यांच्या बीओएसमध्ये प्रत्येक खिडकीसाठी प्रोग्रामच्या बाजूला एक थ्रेड आणि डिस्प्ले सर्व्हरच्या बाजूला दुसरा. १९९५च्या बीबॉक्समध्ये दोन प्रोसेसर होते आणि तेव्हाच्या बेतास बात हार्डवेअरवर अनेक व्हिडिओ एकाच वेळी चालवून दाखवले जात. कंपनी २००१मध्ये पामला विकली गेली, पण तोच आराखडा हायकू या मुक्त प्रणालीत अजून जिवंत आहे. जुन्या संगणकावर हायकू चालवून पाहिली तर खिडकी ओढताना ती हाताला चिकटल्यासारखी येते. मग सगळ्यांनी हेच का नाही केलं? कारण त्याची किंमत प्रोग्राम लिहिणाऱ्याला मोजावी लागते. दोन खिडक्या असलेला साधा प्रोग्रामही आपोआप अनेक थ्रेडांचा होतो. एका खिडकीचा थ्रेड दुसरीच्या लॉकसाठी आणि दुसरीचा पहिलीच्या लॉकसाठी थांबला की दोघी कायमच्या अडकतात. बाहेरून आणलेल्या मोठमोठ्या प्रोग्रामांना बीओएसवर बसवताना हीच डोकेदुखी व्हायची. मुळात नव्यानं लिहिलेल्या जगात ही शिस्त पाळता येते. एक्सच्या जगात तोवर हजारो प्रोग्राम लिहून झाले होते.

एक्सवरही प्रयत्न झाला होता. १९९२च्या सुमारास डेटा जनरल, ओमरॉन आणि एक्स कन्सॉर्शियममधल्या अभियंत्यांनी एमटीएक्स नावाचा मल्टिथ्रेडेड एक्स सर्व्हर बांधला. प्रत्येक प्रोग्रामच्या मागण्यांसाठी वेगळा थ्रेड, आणि त्यांच्यात टक्कर होऊ नये म्हणून लॉकांची मोठी व्यवस्था. तांत्रिकदृष्ट्या तो चालला. पण मुख्य प्रवाहात आला नाही. साध्या मागण्या इतक्या छोट्या असतात की लॉक घेण्या-सोडण्याचा खर्च मूळ कामाच्या तोडीचा होतो. आणि शेवटी चित्र काढणारी ग्राफिक्स चिप एकच. कितीही थ्रेड तिच्यापाशी पोचले तरी ती एकेकालाच आत घेणार.

रोज मध्य रेल्वेनं जाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका १८ फेब्रुवारी २०२२ला सुरू झाली. सुमारे ६२० कोटी रुपये लागले, १.४ किलोमीटरचा रेल्वे उड्डाणपूल बांधावा लागला, आणि मेल-एक्सप्रेसना लोकलपासून वेगळी वाट मिळाली म्हणून ३६ नव्या लोकल फेऱ्या सोडता आल्या. मार्गिका वाढल्या याचा उपयोग झाला, कारण घाईची गाडी आणि थांबत जाणारी गाडी वेगळी झाली. पण दिव्याच्या फाटकात रस्त्यावरची वाहनं अडली की गाड्या खोळंबतातच, मार्गिका चार असोत की सहा. एमटीएक्सनं मार्गिका वाढवल्या आणि प्रत्येक मार्गिकेवर फाटकं बसवली.

एक्समधलं पुढचं पाऊल त्यावर काम करणाऱ्या कीथ पॅकर्ड यांनी टाकलं, आणि ते थ्रेडशिवाय टाकलं. सन २००० मध्ये यूसेनिक्सच्या परिषदेत त्यांनी एक्सच्या रांगेविषयी निबंध वाचला. तोवर सर्व्हर प्रत्येक प्रोग्रामच्या ठरावीक संख्येच्या मागण्या पुऱ्या करून पुढच्याकडे वळत असे. वरवर पाहता हे न्यायाचं आहे, पण एक मागणी म्हणजे एक टिंब असू शकतं आणि एक मागणी म्हणजे हजारो रेघा. संख्येनं समान वाटणी केली की जड मागण्या करणारा प्रोग्राम सगळा वेळ खातो आणि ज्यात माणूस टाइप करतो आहे तो उपाशी राहतो. पॅकर्ड यांनी मागण्या मोजणं सोडून वेळ मोजायला सुरुवात केली. प्रत्येकाला २० मिलिसेकंदांच्या आसपास तुकडा. जो सतत तुकडा संपवतो त्याचा क्रम खाली, जो क्वचित येतो त्याचा वर. एकच थ्रेड, तोच प्रोसेसर, आणि तरीही यंत्र हाताला हलकं. या सबंध इतिहासातली मला सर्वांत आवडणारी सुधारणा हीच, कारण तिनं दुखणं नेमकं ओळखलं.

कर्सरचा प्रश्न तेव्हाही उरलाच. एकाच मोठ्या मागणीत सर्व्हर गुंतला तर मधे उठणार कसा? त्यावर तोडगा असा होता की माउस हलला की कर्नलनं सर्व्हरला सिग्नल द्यायचा, सर्व्हरनं हातातलं काम तिथल्या तिथे सोडून कर्सर हलवायचा आणि परत कामाला लागायचं. कर्सर लोण्यासारखा फिरायचा. पण अर्धवट सोडलेल्या कामाच्या मधोमध चालणाऱ्या अशा कोडला मेमरी मागता येत नाही, लॉक घेता येत नाही. चुकून घेतलं तर सर्व्हर स्वतःच स्वतःसाठी थांबून राहतो. असे दोष शोधणं फार कठीण, कारण ते पुन्हा घडवून दाखवता येत नाहीत. इनपुटला स्वतःचा थ्रेड द्यावा हे २००८च्या सुमारास ब्राझीलच्या तियागो विन्यात्ती यांनी करून पाहिलं होतं. मुख्य एक्स सर्व्हरमध्ये ते आलं नोव्हेंबर २०१६च्या १.१९ आवृत्तीत, तेही पॅकर्ड यांच्याच हातून. माउस वाचणं आणि कर्सर हलवणं एवढंच त्या थ्रेडचं काम. खिडक्यांची वाटणी, चित्रं, सगळं पूर्वीसारखं एकाच मुख्य थ्रेडवर. एनटीमध्ये १९९६ साली जे उरलं होतं, तेच इथे वीस वर्षांनी आलं.

या गोष्टीचा एक धागा आपल्या अगदी जवळून जातो. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरात या गावी, 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचा भारतातला पथदर्शी प्रयोग सुरू झाला. कल्याणहून कर्जतची लोकल धरायची आणि पुढे जायचं, इतक्या टप्प्यातलं गाव, एकशिक्षकी शाळा. मुलांच्या हाती हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप आला. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्‌झचा, कोअर एकच, मेमरी २५६ मेगाबाइट, आणि पडदा चालवणारा सर्व्हर एक्सच. त्या योजनेचं सॉफ्टवेअर पाहत होते जिम गेटिस, एक्सच्या दोन जनकांपैकी एक. एका कोअरच्या यंत्रावर थ्रेड वाढवून काही हाती लागणार नव्हतं. तिथे वेगळीच युक्ती केली गेली: पडद्यावरचं चित्र धरून ठेवायला एक स्वतंत्र छोटी चिप बसवली. मूल वाचत असताना प्रोसेसर झोपी जाऊ शके, वीज वाचे आणि पडदा तसाच दिसत राही. पायथनमध्ये लिहिलेली शुगर ही मांडणी मात्र त्या यंत्राला जड जायची, प्रोग्राम उघडायला वेळ लागायचा. सर्व्हर कितीही चपळ असला तरी मागणी करणारा प्रोग्रामच मंद असेल तर मुलाला मंदपणाच दिसतो. गेटिस पुढे इंटरनेटच्या वेगाकडे वळले. राउटरमध्ये गरजेपेक्षा मोठ्या रांगा साठल्यानं जोडणी कशी सुस्तावते हे त्यांनी २०१०-११मध्ये जगापुढे मांडलं. त्यांनी पडदा सोडला, पण रांग सोडली नाही.

२००८ साली क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी एक्सची जागा घेण्यासाठी वेलँड सुरू केलं, २०१२मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. इथे प्रत्येक प्रोग्राम आपलं चित्र आपणच काढतो आणि तयार चित्र सर्व्हरच्या हाती देतो. सर्व्हरनं ती चित्रं एकावर एक रचून पडद्यावर लावायची. म्हणजे चित्रं काढण्याचं काम सगळ्या प्रोग्रामांत आणि म्हणून सगळ्या कोअरवर आपसूकच वाटलं गेलं. एमटीएक्सनं आत लॉक लावून जे साधू पाहिलं ते सर्व्हरबाहेर लॉकशिवाय साधलं. या बदलाचं श्रेय पुरेसं दिलं जात नाही.

पण वेलँडबरोबर जुनं दुखणं मागच्या दारानं परत आलं. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपनं डिस्प्ले सर्व्हर, खिडक्यांचा व्यवस्थापक आणि वरची पट्टी-मेनू असलेलं शेल हे सगळं एकाच प्रोसेसमध्ये आणलं. शेल जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, आणि त्यात लोकांनी घातलेली एक्स्टेन्शनंही त्याच थ्रेडवर चालतात. एखाद्या एक्स्टेन्शननं पन्नास मिलिसेकंद घेतले की तेवढा वेळ कर्सर जागच्या जागी. एक्सच्या वेळी असं होत नव्हतं, कारण कर्सर वेगळ्या प्रोसेसच्या हाती होता. नवी प्रणाली जुनीपेक्षा सुस्त वाटते असं लोक म्हणत, तेव्हा ते खरंच बोलत होते.

त्याची दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. २०२१च्या ग्नोम ४०मध्ये इनपुट वाचणं वेगळ्या थ्रेडवर गेलं. सप्टेंबर २०२३च्या ग्नोम ४५मध्ये तयार चित्र आणि कर्सर कर्नलच्या हवाली करण्याचं शेवटचं काम आणखी एका थ्रेडला दिलं, आणि त्या थ्रेडला रिअलटाइम, म्हणजे सर्वांच्या पुढचा मान दिला. तिथे एक धडा मिळाला. रिअलटाइम थ्रेड यंत्र अडवून बसू नये म्हणून त्याला वेळेची मर्यादा घातलेली असते. ती ओलांडली की त्या प्रोसेसलाच संपवलं जातं. काही ग्राफिक्स ड्रायव्हर या कामात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घेत. मग पडदा चालवणारी प्रोसेसच मारली जाई आणि वापरकर्ता उघड्या खिडक्यांसकट सगळं गमावून लॉगिनच्या पानावर येई. पुढे त्या थ्रेडला रिअलटाइमऐवजी नुसता वरचा क्रम देण्याकडे कल झाला. केडीईच्या प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपच्या ६च्या मालिकेत क्विन या त्याच्या डिस्प्ले सर्व्हरनंही चित्र हवाली करण्याचं काम असंच वेगळं काढलं. दोन संघ, दोन वेगळे कोड, आणि थ्रेड नेमके त्याच ठिकाणी.

याच काळातल्या दोन सुधारणांचा थ्रेडशी संबंध नाही, पण माणसाला त्या थ्रेडइतक्याच जाणवतात. एक चित्र वेळेत तयार झालं नाही तर पुढचं आधीच सुरू करायचं, ही तिहेरी बफरची रीत. केडीईत ती जून २०२४मध्ये आली, ग्नोममध्ये मार्च २०२५मध्ये, कॅनॉनिकलच्या डॅनियल व्हॅन व्हुग्ट यांच्या सुमारे पाच वर्षांच्या चिकाटीनंतर. दुसरी, चित्र खरोखर पुरं झालं की नाही हे प्रोग्रामनं स्पष्ट कळवण्याची व्यवस्था, जिच्यामुळे एनव्हिडियाच्या कार्डांवरची लुकलुक पुष्कळ कमी झाली. आणि स्वे हा वेलँडचा डिस्प्ले सर्व्हर ज्यावर उभा आहे ते डब्ल्यूएलरूट्स अजूनही मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतं, तरी चपळ आहे, कारण त्याच्या फेऱ्यात जड काम ठेवलेलंच नाही.

जड काम वेगळं काढायला हवं, हे फोनवाल्यांनी आधी ओळखलं. २००७च्या आयफोनपासून हालचालींची चित्रं वेगळी प्रोसेस रचते, आणि अँड्रॉइडनं २०१४च्या लॉलिपॉपमध्ये प्रत्येक ॲपला चित्र काढण्याचा वेगळा थ्रेड दिला.

आता पुन्हा घरच्या संगणकाकडे. अभ्यासिकेतल्या एका यंत्रावर माउस अडकत होता तेव्हा मी शेजारी प्रोसेसर-मेमरीचा वापर दाखवणारं एचटॉप उघडून बसलो. दोन कोअर, ४ जीबी मेमरी, जुनी फिरती हार्ड डिस्क. ब्राउझरमध्ये परीक्षेच्या तयारीची पानं आणि एक व्हिडिओ. प्रोसेसर अर्धाही भरलेला नव्हता. मेमरी काठोकाठ, स्वॅप वाढत चाललेला, आणि डिस्कचा लाल दिवा विझायचं नाव नाही. मेमरी संपली की कर्नल मेमरीतले काही तुकडे, म्हणजे 'पानं', डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकतं, आणि त्यांत डिस्प्ले सर्व्हरचीही पानं जातात. फिरत्या डिस्कवरून एक पान परत आणायला दहा-एक मिलिसेकंद; अशी पन्नास पानं हवी असली तर अर्धा सेकंद गेला. इथे इनपुटचा वेगळा थ्रेड असून उपयोग नाही. त्याला लागणारं पानच डिस्कवर असेल तर तोही बाकीच्यांसारखाच तिथे ताटकळतो. एसएसडी बसवली, झेडरॅम चालू केलं (त्यानं पानं डिस्कवर न टाकता मेमरीतच दाबून ठेवली जातात), आणि तक्रार बंद झाली. आपल्या भागातल्या जुन्या यंत्रांपुरतं बोलायचं तर दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. पण डिस्प्ले सर्व्हरच्या चर्चेत त्याचं नाव क्वचित निघतं. कर्नलच्या बाजूनंही काम झालं आहे: मार्च २०११च्या २.६.३८मध्ये माइक गॅलब्रेथ यांचा सुमारे दोनशे ओळींचा बदल आला, ज्यामुळे मागे चाललेलं जड काम एका गटात बांधलं जाऊन समोरच्या खिडकीला आपला वाटा मिळू लागला; डिसेंबर २०२२च्या ६.१मध्ये कोणती पानं बाहेर टाकायची हे ठरवण्याची नवी रीत आली. यातलं काहीच डिस्प्ले सर्व्हरमध्ये नाही.

एक प्रश्न मात्र थ्रेडांनी सुटलेला नाही, उलट थोडा झाकला गेला आहे. ग्नोममध्ये आता कर्सर फिरत राहतो, पण क्लिक पोचवायचं काम अजून मुख्य थ्रेडचंच आहे. शेल अडलेलं असताना कर्सर मोकळा फिरतो, म्हणून मुलं यंत्र चालू आहे असं समजून बटणावर पुन्हा पुन्हा क्लिक करतात. मग शेल जागं होतं आणि साठलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात. एकाच फाइलच्या चार खिडक्या उघडतात. अडकलेला कर्सर निदान थांब म्हणून सांगत होता. यावर खरा उपाय थ्रेडचा नाही, वाटणीचा आहे. केडीईत पट्टी आणि मेनू प्लाझ्माशेल या वेगळ्या प्रोसेसमध्ये असतात, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपमध्येही पट्टी वेगळी. पट्टी गोठली तरी खिडक्यांतलं काम चालू राहतं.

म्हणून ४ जीबीच्या यंत्रावर मी आजही एक्सएफसीई आणि एक्स सर्व्हर लावतो; २०१६पासूनचा इनपुट थ्रेड त्यात आहेच. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर वेलँडवर प्लाझ्मा. ग्नोम हवंच असेल तर ४५च्या पुढचं, आणि त्यात एक्स्टेन्शनं जितकी कमी तितकं बरं. सप्टेंबर २०२५च्या ग्नोम ४९नं एक्सचं सेशन आपल्या बाजूनं बंदच ठेवलं आहे, तेव्हा तिथे मागे फिरायची वाट आता अरुंद आहे. एक्सएफसीईचं वेलँडवरचं काम डिसेंबर २०२४च्या ४.२०पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झालं आहे. ते पक्कं होईल तेव्हा त्यात पट्टी आणि पडदा वेगळे राहतात का, हे मी सर्वांत आधी पाहणार आहे.